ऑबर्नच्या तंबूत आयर्न बोलचा पंचनामा

अटलांटाहून इंटरस्टेट 85 धरली की पावणेदोन तासांत ऑबर्न. वाटेत चॅटाहूची नदी ओलांडली की थोड्याच वेळात जॉर्जिया संपतं, अलाबामा सुरू होतं आणि फोनवरचं घड्याळ गुपचूप एक तास मागं सरकतं. पुतणी ऑबर्न विद्यापीठात पीएच.डी. करते. "काका, शनिवारी फुटबॉलच्या सामन्याला या, पण सकाळीच या. नंतर गाडी लावायला जागा मिळणार नाही," असं तिनं बजावलं होतं. 2020 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या भरली 76 हजार आणि कॉलेजच्या जॉर्डन-हेअर स्टेडियममध्ये बसतात 88 हजार! अख्खं गाव आत गेलं तरी बाकडी रिकामी राहतील. पण राहत नाहीत.

हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, खांद्यावर चिलखत, हातात लंबगोल चेंडू. नियम थोडक्यात असे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याचा. चेंडू घेऊन पार टोकाला पोचलात तर टचडाउन, सहा गुण, आणि वर एक लाथेनं मिळवायचा. तिथवर जमणार नसेल तर लांबूनच दोन खांबांमधून चेंडू मारायचा, तो फील्ड गोल, तीन गुण. बाकीचं बघता बघता कळतं.

मी गेलो तो शनिवार आयर्न बोलच्या आदल्या आठवड्यातला. आयर्न बोल म्हणजे ऑबर्न विरुद्ध टस्कलूसाचं अलाबामा विद्यापीठ. पहिला सामना 1893 मध्ये झाला. 1907 नंतर दोन्ही कॉलेजांत असं काही बिनसलं की थेट 1948 पर्यंत एकमेकांशी खेळलीच नाहीत. पुढं कित्येक वर्षं सामना बर्मिंगहॅम या पोलादाच्या शहरात व्हायचा, म्हणून आयर्न बोल. ऑबर्ननं आपल्या मैदानावर अलाबामाला पहिल्यांदा बोलावलं ते 1989 मध्ये, आणि हरवलंही.

आम्ही कोल्हापूरकर. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या फुटबॉल संघांची लढत झाली की पुढं पंधरा दिवस पेठेतल्या कट्ट्यावर तिची चिरफाड चालते, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळं ऑबर्नमध्ये मला परकं वाटलं नाही. फरक एवढाच की इथं चिरफाड चालू होती ती 30 नोव्हेंबर 2013 च्या सामन्याची.

पुतणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर सामन्याला स्टेडियमजवळच्या हिरवळीवर तंबू ठोकतात. त्याला टेलगेट म्हणतात. सकाळपासून शेगडी पेटलेली, डुकराचं मांस मंद आचेवर, खुर्च्या मांडलेल्या, टीव्हीसुद्धा. माझ्या हातात त्यांनी फोमचा पेला दिला, त्यात मिठाच्या पाण्यात शिजवलेल्या भुईमुगाच्या शेंगा! टरफलासकट तोंडात धरायची, आधी खारं पाणी ओढून घ्यायचं, मग फोडायची. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. यजमानांनी कागदी रुमाल पुढं केला आणि "वॉर ईगल" म्हणाले. इथं नमस्काराला, निरोपाला, आनंदाला, सगळ्याला वॉर ईगलच. तंबूत एकच माणूस गडद लाल टोपी घालून होता. तो यजमानांचा मेहुणा, अलाबामाचा. त्यानं शांतपणे "रोल टाइड" म्हणून माझा हात हातात घेतला.

आता त्या सामन्याचं. अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर, ऑबर्न चौथ्या. अलाबामानं 2011 आणि 2012 चं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलेलं, तिसऱ्याची तयारी. ऑबर्न आदल्याच वर्षी बारापैकी तीन सामने जिंकून रडत घरी गेलेला. शेवटचं एक मिनिट उरलं तेव्हा अलाबामा 28-21 पुढं. 32 सेकंद असताना ऑबर्नच्या निक मार्शलनं सॅमी कोट्सला 39 यार्डांचा टचडाउन पास टाकला आणि 28-28 झालं. मग अलाबामाचा टी. जे. येल्डन धावत 38 यार्डांच्या खुणेपाशी मैदानाबाहेर गेला, तोवर घड्याळात शून्य. सामना जादा वेळेत जाणार असं सगळे समजले. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन पंचांना म्हणाले, अजून एक सेकंद शिल्लक होता. रिप्ले पाहून पंचांनी तो सेकंद परत दिला. अलाबामानं 57 यार्डांवरून फील्ड गोल मारला, तो कमी पडला. आणि खांबांखाली उभ्या असलेल्या ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसनं तो झेलून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला नेला. 34-28. याला 'किक सिक्स' म्हणतात. धाव झाली 109 यार्डांची, पण कॉलेजच्या नोंदवहीत 100 च्या वर मोजतच नाहीत.

"तो सेकंद!" यजमान म्हणाले. "त्यांनीच मागितला. आपल्या हातानं!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला, जणू काल झालंय.

मेहुणा मान हलवत राहिला. मग त्यानं टेबलावरची टरफलं गोळा केली आणि मांडायला लागला. सॉसची बाटली म्हणजे खांब. मधोमध टरफलांची गर्दी: फील्ड गोलच्या वेळी मैदानात असतात ते सगळे धिप्पाड, अडवण्यासाठी निवडलेले, धावणाऱ्याचा पाठलाग हे त्यांचं काम नव्हे. डेव्हिस डावीकडच्या रेषेवरून निघाला तेव्हा त्या बाजूला त्याला गाठेल असं जवळपास कुणीच उरलं नव्हतं. "पण हे सगळं नंतरचं," तो म्हणाला. "सामना गेला तो त्याआधी, चौथ्या प्रयत्नाला एक यार्ड हवा होता तेव्हा."

ते असं. शेवटचं सत्र, अलाबामा 28-21 पुढं, चेंडू ऑबर्नच्या टोकापासून 13 यार्डांवर, साडेपाच मिनिटं बाकी. सरळ फील्ड गोल मारायचा, दहा गुणांची आघाडी, विषय संपला. सेबननी तो न मारता येल्डनला धावायला लावलं आणि ऑबर्ननं त्याला जागीच गाडलं. का नाही मारला? कारण त्या दिवशी केड फॉस्टर या किक मारणाऱ्या पोराचा पाय चालत नव्हता. एक चुकलेला, दुसरा गेलेला पण आपल्याच संघाच्या नियमभंगामुळं पुन्हा मारावा लागलेला, तोही चुकलेला. पुढं आणखी एक मारला तो ऑबर्ननं हातानं अडवला. म्हणूनच शेवटच्या सेकंदाला त्याच्याऐवजी अॅडम ग्रिफिथ हा नवखा उभा राहिला.

तंबूत मग सगळ्यांनाच चेव आला. एका आजीबाईंचं मत निराळं. ऑबर्नचे प्रशिक्षक गस मालझान यांनी त्या किकच्या आधी टाइमआउट घेतला, आणि मागं उभा करायचा माणूस बदलून डेव्हिसला पाठवलं, सामना फिरला तो तिथं. पुतणीचा मित्र म्हणाला, कोट्सचा पास. ऑबर्न तोवर धावून धावूनच पुढं सरकत होता, मार्शलही धावणार म्हणून बचावातला खेळाडू कोट्सला सोडून पुढं आला आणि मार्शलनं त्याच्या डोक्यावरून चेंडू भिरकावला.

माझं मत विचाराल तर मेहुण्याचं बरोबर. सेकंदाची गोष्ट सांगायला झकास, पण तो सेकंद नसता तरी सामना बरोबरीतच होता, अलाबामानं काही गमावलं नव्हतं. तेरा यार्डांवरून तीन गुण घेतले असते तर 32 सेकंदांवरचा टचडाउन कितीही देखणा असला तरी पुरला नसता. आणि एक गंमत बघा: हरलेल्या बाजूच्या या माणसाला प्रत्येक किकचं अंतर तोंडपाठ होतं. यजमानांना शेवटची धाव सोडून बाकीचं मेहुण्याला विचारावं लागत होतं.

उलटा प्रकारही लगेच पाहायला मिळाला. मेहुण्यानं हळूच "2023" एवढंच म्हटलं आणि यजमान ताडकन उठले. त्या वर्षी याच मैदानावर ऑबर्न 24-20 पुढं होता. अलाबामानं उंच मारलेला चेंडू ऑबर्नच्या खेळाडूच्या हातून निसटला आणि अलाबामाला परत मिळाला. ते सात यार्डांपर्यंत आले, मग चुका करत करत 31 यार्डांपर्यंत मागं गेले. चौथा प्रयत्न, टचडाउनशिवाय गत्यंतर नाही. जेलन मिल्रोनं कोपऱ्यात इसाया बाँडला पास टाकला. टचडाउन, 27-24. घड्याळात पुन्हा 32 सेकंद! आता तपशील यजमानांना पाठ: चेंडू फेकणाऱ्यावर धावून जायला ऑबर्ननं दोनच माणसं कशी पाठवली, त्याला निवांत उभं राहायला किती वेळ मिळाला, चेंडू कुठं निसटला. मेहुण्याला फक्त बाँडचा झेल आठवत होता.

दुपारचा सामना एका लहान कॉलेजशी, आरामात जिंकावा असा. तरी मंडळी जरा धास्तावलेली. 2023 मध्ये असाच आयर्न बोलच्या आधी पैसे मोजून बोलावलेला न्यू मेक्सिको स्टेट 31-10 नं हरवून गेला होता. या वेळी तसं काही झालं नाही. सामन्याआधी खरोखरचा गरुड सोडतात, तो स्टेडियमवर घिरट्या घालून मैदानाच्या मधोमध उतरतो, त्यासाठी लवकर आत जाऊन बसा.

जिंकल्यावर सगळे मॅग्नोलिया आणि कॉलेज या रस्त्यांच्या चौकात जातात, टूमर्स कॉर्नरला, आणि झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकतात. मला आधी हसू आलं, मग मीही दोन फेकल्या. इथले जुने ओक आता नाहीत. 2010 चा आयर्न बोल ऑबर्ननं 0-24 वरून 28-27 असा जिंकला, तेव्हा हार्वी अपडाइक नावाच्या अलाबामाच्या समर्थकानं त्यांच्या मुळाशी तणनाशक ओतलं आणि रेडिओवर फोन करून स्वतःच सांगून टाकलं! एप्रिल 2013 मध्ये झाडं काढावी लागली. म्हणजे किक सिक्सच्या रात्री चौकात ओक नव्हतेच, ताणलेल्या तारांवर कागद फेकला गेला. मेहुणा आमच्याबरोबर आला होता. अपडाइकचा विषय निघाल्यावर तो एवढंच म्हणाला, "तो आमचा नव्हे."

जायचं असेल तर काही गोष्टी. आयर्न बोल विषम वर्षी ऑबर्नला, सम वर्षी टस्कलूसाला. त्या आठवड्यात हॉटेलचे दर विचारूच नका, ओपलायका किंवा थेट कोलंबस, जॉर्जियात राहा, पण कोलंबसच्या घड्याळात एक तास पुढं आहे हे ध्यानात ठेवा. स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच चालते. टूमर्सच्या दुकानातलं लिंबू सरबत सामना संपल्यावर प्यायचं ठरवलंत तर रांगेत तास जाईल, सकाळीच पिऊन घ्या. तिकीट नसलं तरी हरकत नाही. कुठल्याही तंबूपाशी थांबून 2013 ला नेमकं काय झालं, एवढं विचारा. खुर्ची मिळेल, शेंगाही मिळतील.