वजा नेमका कोणता?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेला मराठी आकडे कळतात, हे सांगितलं की प्रोग्रामर मंडळीही आधी हसतात. मजकुरातून पूर्णांक काढणाऱ्या तिच्या इंट फंक्शनला '१२' द्या, बारा मिळतात. '-१२' दिलं तरी चालतं. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, प्रत्येक देवनागरी अंकासोबत त्याची किंमत नोंदलेली आहे, तीच पायथन वाचतो.

मी फोंड्याला गणिताच्या शिकवण्या घेतो. शनिवारी मुलांना मराठीतून कोडी पाठवतो आणि उत्तरं तपासायला एक छोटा प्रोग्राम ठेवलाय. त्यानं एका मुलीचं उत्तर फेटाळलं. "सर, बरोबर आसा न्हय!" तिचं खरंच होतं. −७ आणि -७, बघा शेजारी ठेवून. तिनं पीडीएफमधून उचललेला तो अस्सल वजा, युनिकोडमधला २२१२. कीबोर्डवर शून्याशेजारी असतो तो वेगळा, आस्की या जुन्या इंग्रजी अक्षरयादीतला ४५ क्रमांकाचा. टाइपरायटरच्या एकाच कळीवर संयोगचिन्ह आणि वजा दोघांचं भागायचं. आस्कीनंही एकच चिन्ह ठेवलं आणि युनिकोडनं त्याचं नावच हायफन-मायनस ठेवून टाकलं. पायथनला हाच हवा. '−७' दिलं की व्हॅल्यू एरर, म्हणजे 'ही संख्या नाही' अशी तक्रार. आपले आकडे चालतात, पण खरा वजा नाही, काय म्हणायचं याला!

एनएफकेसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची युनिकोडची रीत, वापरली की सुटेल असं वाटतं, पण नाही. पूर्ण रुंदीचा हायफन त्यातून साधा होऊन येतो, २२१२ जागचा हलत नाही. म्हणून उत्तर आत घेतानाच २२१२च्या जागी ४५ घालणारी एक ओळ लिहिली. भागलं.

छापताना मात्र मी उलट करतो. हायफन आखूड आणि थोडा खाली बसलेला; अधिकच्या चिन्हाशेजारी अगदी केविलवाणा दिसतो. चांगल्या फॉन्टमध्ये वजा अधिकएवढाच रुंद असतो. वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत २२१२ लिहून ऑल्ट आणि एक्स दाबलं की तो उमटतो. डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर पानं जुळवणारे, कंटाळा करतात, मी प्रूफात लाल शाईनं खूण करतो.

राहिला एन डॅश, हायफनपेक्षा लांब आडवी रेघ. दोन शब्दांमध्ये जागा सोडून हायफन दिला की वर्ड तो परस्पर घालतो. त्याला मी आपोआप बदलत नाही. '३–५' म्हणजे तीन वजा पाच, की तीन ते पाच? अशी उत्तरं प्रोग्राम बाजूला काढतो आणि ती मी डोळ्यांनी तपासतो.