वाळूच्या टेकडीचा आडोसा

मी कोल्हापुरात ट्रेक लीडरचं काम करतो. पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड, हिवाळ्यात जरा लांबचं काहीतरी. आणि वाऱ्याच्या बाबतीत मला खरं सांगायचं तर माजच होता, कारण मसाई पठारावर जुलैत असलं वारं लागतं की पोंचो डोक्यावरनं जातो आणि माणूस तिरका चालतो, तिथं बॅचेस काढल्यात म्हटल्यावर वाळवंटातलं वारं काय करणार आपल्याला?

गेल्या फेब्रुवारीत बारा जणांना घेऊन जैसलमेरकडं गेलतो. खुरीच्या बाजूला पाच दिवस चालायचं, सॅक ज्याची त्याच्या पाठीवर, पाण्याला दोन उंट आणि एक उंटवाले काका. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं झकास, लांबवर पवनचक्क्या दिसत होत्या, पोरं म्हणाली सर हे तर आपलं चाळकेवाडीच की, आणि दहाच्या सुमारास वारं सुटलं.

आधी वाटलं जमीनच सरकायला लागली. वाळू धुळीसारखी वर जात नाही हो, कण टुणटुण उड्या मारत पळतात, बहुतेक सगळे गुडघ्याच्या खालीच, त्यामुळं उभं असताना बरं वाटतं आणि दमून खाली बसलं की तोंड बरोबर त्या माऱ्यात. एका ताईंच्या लेन्स होत्या, त्यांचे हाल विचारू नका. पुढच्याच्या पावलांचे ठसे मिनिटभरात गायब, पवनचक्क्या पण गायब, म्हणून सगळ्यांना हातभर अंतरात घेतलं, तेवढं एक काम बरोबर केलं म्हणायचं.

चूक पुढं झाली. मसाईवर काय करतो आपण, दगडाच्या किंवा बांधाच्या पाठीमागं बसतो. तसंच एक दोन मजली टेकडी बघितली, तिच्या पलीकडच्या उभ्या उताराला वारं एकदम शांत, म्हटलं बसा इथंच, डबे काढा. दशमी, खर्डा, भडंग. पाचच मिनिटं झाली असतील आणि वरनं चाळणीतनं पीठ पडावं तशी वाळू पडायला लागली. डब्यात, मानेत, बाटलीच्या तोंडात. काका उंट घेऊन मागनं आले आणि ओरडलेच, "साब, यहाँ मत बैठो!"

मग त्यांनी समजावलं. वारं अलीकडच्या लांब उतारावरनं वाळू ढकलत शेंड्यापर्यंत नेतं, आणि शेंडा ओलांडला की जोर संपतो, म्हणजे सगळा माल पडतो तो नेमका आडोशाला. टेकडी पुढं सरकते ती अशीच. आम्ही तिच्या वाटेतच पंगत मांडून बसलो होतो लगा! त्यांनी आम्हाला दोन टेकड्यांच्या मधल्या कडक सपाट जमिनीवर नेलं, उंट आडवे बसवले, आणि त्यांच्या मागं आम्ही. वारं लागत होतं पण वाळू कमी.

संध्याकाळी टेंट लावताना परत तीच गोष्ट, पेग, म्हणजे टेंटची खुंटी, ठोकला की लोण्यातनं सुरी काढावी तसा बाहेर. काकांनी रिकाम्या पिशव्यांत वाळू भरली, दोरी बांधली आणि हातभर खोल पुरल्या. रात्रभर एक टेंट हलला नाही.

खर्डा मात्र कुणी टाकला नाही, कचकच आवाज करत संपवला.

यंदाच्या बॅचला पेग घरीच ठेवलेत, लक्ष्मीपुरीतनं पन्नास कापडी पिशव्या आणल्यात. दुकानदार विचारत होता, तांदळाचा धंदा सुरू केला काय.