विसण

दर दिवाळीत कुणी ना कुणी विचारतंच, आईला पुन्हा लीड्सला का नेलं नाहीस? यंदा मामींनी विचारलं, आणि 'लेकीला जड झाली वाटतं' हा सूर काही लपला नाही. तर तुम्ही विचारलंत म्हणून. आई आमच्या मागच्या अंगणात बर्फावरून घसरली, मनगट मोडलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो बर्फ तिथे कसा आला, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

इंग्लंडात घर तापवणारा गॅस बॉयलर असतो, आणि २००५ पासून नवा बसवायचा तर तो सहसा 'कंडेन्सिंग' प्रकारचाच बसवावा लागतो. जळालेल्या वायूतली उष्णताही तो काढून घेतो, त्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि ते प्लॅस्टिकच्या नळीतून थेंब थेंब बाहेर जातं. आमची नळी साडेएकवीस मिलिमीटरची, भिंतीवरून उघडीच गेलेली. आधीच्या मालकाने बसवून घेतलेली, त्यात माझा दोष नाही. (हे मी हॉस्पिटलात डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.)

२०१८ चा फेब्रुवारी संपत होता, 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' नावाच्या थंडीच्या लाटेचा कडाका. पहाटे बॉयलर गुडगुडला आणि बंद पडला. नळीत पाणी गोठलं की मागचं तुंबतं आणि बॉयलर आपणहून थांबतो, एवढं मला माहीत होतं. गुडगुड आदल्या रात्रीही ऐकली होती. कूस बदलून झोपले होते.

किटली उकळली आणि मागच्या दाराकडे निघाले. आई शाल गुंडाळून उभी. म्हणाली, "अगं, विसण तरी घाल त्यात."

"आई, ही काय आंघोळ आहे?"

ऑफिसात मी कुणाशी त्या आवाजात बोलत नाही. उकळतं पाणी नळीच्या कोपऱ्यावर ओतलं. टक् झालं, कोपरा तडकला, पाणी भिंतीवरून फरशीवर पसरलं. ते तसंच टाकून मी आत जाऊन रीसेटचं बटण दाबत बसले. एकदा, दोनदा, पाचदा. तेवढ्यात आईने दुसरी किटली तापवली, तिच्यात तांब्याभर गार पाणी घातलं आणि मला न सांगता बाहेर पडली. फरशीवरच्या पाण्याची तोवर काच झाली होती.

धावत गेले तर डाव्या हातात किटली सरळ धरलेली. उजवा हात अंगाखाली.

दोन दिवसांनी आलेल्या मेकॅनिकने सांगितलं, कोमट पाणी ओता नाहीतर गरम पाण्याची पिशवी बांधा, उकळतं कधीच नको. म्हणजे विसणच. त्याने जाड नळी घातली, वर फोमचं आवरण चढवलं. नंतर कधी गोठली नाही.

घरात दोन वर्षांचं पोर कुडकुडत होतं, घाई होणारच, असं मी स्वतःला समजावते. मग वाटतं, गार पाण्याचा नळ सोडायला असा किती वेळ लागतो? आणि तिला तरी बाहेर जायला कुणी सांगितलं होतं? हेही मनात येतं. येऊ नये, पण येतं.

आणि बोलावत नाही असं नाही हो. थंडी नको तर मेमध्ये ये, म्हणते मी. ती म्हणते, मेमध्ये आंबे सोडून कोण येतं तिकडे?


मग विचारते, नळीला पांघरूण घातलंस ना?