द्रुपा २०२४: प्रदर्शनाचे सहा दिवस आणि मधला एक रविवार

द्रुपा प्रदर्शनाला जाताना आमचा पहिला बेत असा होता: आधी सगळं काम उरकायचं आणि शेवटच्या सोमवारी, ३ जूनला, बेल्जियममधल्या अँटवर्पचं प्लँटिन-मोरेटस हे जुन्या छापखान्याचं संग्रहालय बघायचं. निघायच्या पंधरा दिवस आधी धाकट्या भावाने फोन करून सांगितलं, "दादा, ते सोमवारी बंद असतं." मग फिरणं मधल्या शनिवार-रविवारी आणलं आणि प्रदर्शनाचे दिवस दोन्ही बाजूंना वाटले. तेव्हा नाइलाज म्हणून केलेला हा बदल आता मी प्रत्येक छापखानेवाल्याला मुद्दाम करायला सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: द्रुपा हे छपाई-यंत्रांचं जगातलं सर्वात मोठं प्रदर्शन. 'द्रुक उंड पापिअर', म्हणजे छपाई आणि कागद, यावरून हे नाव आलं. १९५१ पासून ते जर्मनीत ड्युसेलडॉर्फला भरतं. २०२० चं कोरोनामुळे होऊ शकलं नाही, त्यामुळे २०१६ नंतर थेट २८ मे ते ७ जून २०२४. सोळाशेहून जास्त प्रदर्शक होते. एकट्या हायडेलबर्ग कंपनीने हॉल १ चा मोठा भाग व्यापलेला, एचपीचा मुक्काम पार हॉल १७ ला, क्योनिग अँड बाउअर हॉल १६ ला. या टोकाहून त्या टोकाला जाऊन परत यायचं म्हटलं तर बराच वेळ जातो. म्हणून भेटींच्या वेळा ठरवताना घड्याळाइतकाच हॉलचा नकाशा बघा. आम्ही पहिल्या दिवशी ते केलं नाही आणि तीन भेटींसाठी तीनदा सगळं आवार पालथं घातलं.

राहायचं कुठे, हा यातला सगळ्यात महागडा प्रश्न. प्रदर्शनाच्या काळात ड्युसेलडॉर्फमधल्या हॉटेलांचे दर ऐकूनच आम्ही मागे फिरलो आणि शेजारच्या डुइसबर्गला खोली घेतली. हा निर्णय नुसता स्वस्त नव्हता, सोयीचाही ठरला. डुइसबर्ग स्टेशनवरून यू-७९ ही लोकल ट्राम थेट प्रदर्शनाजवळच्या 'मेसे ओस्ट' थांब्यापर्यंत जाते, कुठेही बदलायची नाही. शिवाय वाटेतच कैसर्सवेर्थ गाव लागतं. मंगळवारी संध्याकाळी परतताना आम्ही तिथे, क्लेमेन्सप्लात्झला, सहज म्हणून उतरलो. पाच-दहा मिनिटं चाललं की ऱ्हाइन नदी आणि काठावर सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाच्या किल्लेवजा वाड्याचे काळे दगडी अवशेष. वाडा ११८४ च्या सुमाराचा, १७०२ मध्ये उद्ध्वस्त झालेला. याच गावातल्या संस्थेत फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५१ मध्ये शुश्रूषेचं शिक्षण घेतलं होतं. मे-जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. सहाला प्रदर्शन बंद झालं तरी हातात तीन तासांचा दिवस उरतो, आणि तो कामातला एक मिनिटही न चोरता मिळतो. हे आधी कळलं असतं तर फिरण्यासाठी वेगळा दिवस काढायची एवढी धास्ती घेतली नसती.

गुरुवारी, ३० मेला, मात्र आमची पंचाईत झाली. त्या दिवशी फ्रोनलाइशनाम, म्हणजे कॅथलिकांच्या सणाची त्या राज्यात सार्वजनिक सुटी होती. प्रदर्शन चालू, पण गावातली दुकानं बंद. रविवारीही तसंच. मोठ्या स्टेशनांतली दुकानं तेवढी उघडी असतात, हे त्या रात्री उपाशीपोटी शिकलो. जाण्याआधी तिथल्या सुट्यांचं कॅलेंडर बघून घ्या.

आता कामाचं. आमचा छापखाना पुस्तकांचा आहे आणि आम्हाला फोल्डिंग मशीन, म्हणजे छापलेल्या कागदाच्या घड्या घालणारं यंत्र, बघायचं होतं. प्रदर्शनात प्रत्येक मशीन सुरेख चालतं, कारण त्यावर चढवलेला कागदही तसाच निवडक असतो. आमची पुस्तकं निघतात ७० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या, कागदावर. म्हणून आम्ही १८ × २३ इंची तीनशे शीट बॅगेत घालून नेले. वजन साडेपाच किलो. ज्या तीन कंपन्यांकडे बघायचं होतं त्यांना महिनाभर आधी ईमेल करून विचारलं होतं, "आमचा कागद चालवून दाखवाल का?" दोघांनी हो म्हटलं. पहिल्या ठिकाणी तिसऱ्या घडीला सुरकुती पडायला लागली. ऑपरेटरने वेग कमी केला, रोलर सैल केले, तरी दहा-बारा शीटमागे एक खराब होतच होता. तोवर त्या मशीनचं माहितीपत्रक वाचून आम्ही जवळजवळ ठरवून टाकलं होतं. जाणार असाल तर नमुन्याचा कागद न्याच. हॉटेलची खोली नंतर ठरवा, हे आधी ठरवा.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मात्र डोकं भरून गेलं. वहीत एका मशीनचा वेग दुसऱ्याच्या नावापुढे लिहिलेला सापडला. शनिवारी सकाळी आम्ही कोलोनमार्गे निघालो. कोलोनचं कॅथेड्रल स्टेशनच्या दारातच आहे, त्यामुळे गाडी बदलण्याच्या मधल्या वेळात बघून होतं. १२४८ ला सुरुवात, १८८० ला पूर्ण, उंची १५७ मीटर. भाऊ दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढून आला. मी खाली बॅगा सांभाळत बसलो, पाय हलतच नव्हते. तिथून ब्रुसेल्स आणि पुढे अँटवर्प.

प्लँटिन-मोरेटस म्हणजे सोळाव्या शतकातल्या क्रिस्तोफ प्लँटिनचं राहतं घर आणि छापखाना. भरभराटीच्या काळात त्याच्याकडे सोळा प्रेस चालत. पाच भाषांतलं बायबल आठ खंडांत त्यानेच छापलं. १८७६ मध्ये शहराने वास्तू विकत घेतली, पुढच्या वर्षी संग्रहालय उघडलं, आणि २००५ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. एवढं वाचून गेलो होतो. पण छापखान्याच्या दालनात पाऊल टाकलं आणि दोघंही गप्प झालो. एका बाजूला खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस (खणांच्या पेट्या), दुसऱ्या बाजूला ओळीने लाकडी प्रेस. टोकाचे दोन प्रेस साधारण १६०० सालचे, जगात टिकून राहिलेले सर्वात जुने.

आमचे बाबा कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे, होते. केसपुढे उभं राहून उलटे खिळे सुलट्यासारखे वाचणारा माणूस. लहानपणी त्यांच्या बोटांवरची शाई आम्ही रोज पाहिली. वरच्या मजल्यावर खिळे ओतायची जागा आहे, तिथे भाऊ साच्यापुढे बराच वेळ उभा होता. "बाबांना आणायला हवं होतं रे दादा," एवढंच म्हणाला. मुद्रितशोधकांची वेगळी खोली आहे, खिडकीशी त्यांचं मोठं मेज. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी तिथल्या मालकाने वाचणाऱ्या माणसाला भरपूर उजेडाची जागा दिली होती. आमच्याकडे प्रूफं तपासणारे जिन्याखाली बसतात. ते मला तिथे उभं असताना आठवलं आणि फार लागलं. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांचं टेबल खिडकीपाशी हलवलं.

संग्रहालयासाठी किमान चार तास ठेवा. आम्ही अडीच ठेवले होते, पुस्तकांची दालनं धावत बघावी लागली. परतीची गाडी रद्द झाली आणि डुइसबर्गला पोचायला मध्यरात्र उलटली. सोमवारची भेट अकराची होती म्हणून निभावलं. अशी लांबची फेरी विमानाच्या आदल्या दिवशी करू नका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरची भेट घेऊ नका.

सोमवार-मंगळवारी आम्ही फक्त चार स्टॉलवर गेलो, पण तिथे बसून बोललो. आदल्या आठवड्यात न सुचलेले प्रश्न आता सुचत होते: सुटा भाग किती दिवसांत येतो, दुरुस्तीला माणूस कुठून येतो, आमच्याच कारागिराला शिकवाल का. उरलेल्या शीटवर दुसऱ्या कंपनीचं मशीन चालवलं. दीडशे शीटमध्ये एकही सुरकुती नाही. तेच घेतलं.

कागदपत्रांबद्दल थोडं. व्हिसा जिथे मुक्काम सर्वात जास्त त्या देशाकडे मागायचा, म्हणजे आमच्यासाठी जर्मनी. अर्जात अँटवर्पची रात्रही स्वच्छ लिहिली होती, बुकिंगसकट. प्रवास-विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. फिरण्याच्या खर्चाची बिलं पहिल्या दिवसापासून वेगळ्या पाकिटात ठेवा. तुम्हाला कंपनी पाठवत असेल तर ते दोन दिवस तुमच्या खर्चाचे, हे आधीच लेखी कळवून टाका. जर्मनीभर लोकल गाड्यांना चालणारा मासिक पास तेव्हा ४९ युरोचा होता, पण तो कॅलेंडरच्या महिन्यापुरता असतो. आमचा प्रवास मे आणि जून असा विभागलेला, म्हणून दिवसाची तिकिटंच परवडली.

पुढचं द्रुपा ९ ते १७ मे २०२८ ला आहे, या वेळी नऊच दिवस. मधला रविवार १४ तारखेला येतो. डुइसबर्गची खोली आम्ही वर्षभर आधी धरणार आहोत. बाबांचा पासपोर्ट काढायला टाकला आहे. आणि बॅगेत या वेळी दोन गठ्ठे जातील: एक ७० जीएसएमचा, दुसरा मुखपृष्ठाच्या ३०० जीएसएम आर्टकार्डचा.