पाण्याला फेस

सांगलीत विश्रामबागेतल्या एका बंगल्याच्या गच्चीवर ४१ बोन्साय आहेत. गेली सहा वर्षं महिन्यातून दोनदा मी तिथं जातो. छाटणी, तारकाम, कुंडी बदलणं, खत, फवारणी माझ्याकडे. रोजचं पाणी घरच्यांकडे. उथळ कुंडीत माती असते दोन-तीन इंच. एप्रिलच्या उन्हात एक दुपार पाणी चुकलं तर वर्षभराचं काम गेलं. म्हणून नवीन घरी गेलो की पाणी कोण घालणार हे मी आधी विचारतो. इथं मावशी घालायच्या. धुणीभांडी त्यांच्याकडेच होती, पाण्याचे वेगळे पाचशे मिळायचे. प्रत्येक कुंडीत बोट घालून ओल बघायच्या आणि मगच झारी उचलायच्या. असं माणूस मला दुसऱ्या कुठल्याच घरी मिळालेलं नाही. त्यांचं ते काम माझ्या एका वाक्यानं गेलं.

झाडं मूळची काकूंची. काकू गेल्यावर काकांनी ती ठेवली, पण त्यांचा जीव एका कुंतीच्या झाडात. काकूंनी तीस वर्षांपूर्वी लावलेली, मनगटाएवढा बुंधा, फिकट साल. चांगला पाऊस झाला की पांढऱ्या फुलांनी भरायची आणि वास जिन्यापर्यंत यायचा. काका बाकीच्या झाडांची नावं विसरतात. गच्चीवर आले की सरळ कुंतीपाशी जातात.

गेल्या वर्षी जानेवारीत तिच्या जुन्या पानांची टोकं करपलेली दिसली. कोरडी थंडी, असं मी समजलो. फेब्रुवारीत तशीही तिची कुंडी बदलायची पाळी होती.

कुंडी बदलणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. मुरूम आणि विटांचे तुकडे दोनदा चाळायचे, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा बारीक सगळं फेकून द्यायचं, कारण तीच धूळ पुढं मुळांचा श्वास कोंडते. चाळण्यातच अर्धा दिवस जातो. तयार ‘बोन्साय माती’ म्हणून पिशव्या विकतात, त्यातल्या बऱ्याच मी उघडून बघितल्यात. निम्म्याहून जास्त कोकोपीट. अशा मातीत झाड बसवणाऱ्यानं त्याच्याकडून दहा वर्षांची अपेक्षा धरू नये. मग झाड उचलायचं, बांबूच्या काडीनं कडेपासून आत मुळं विंचरायची, तिसरा हिस्सा कापायचा, भोकांवर जाळी, झाड तारेनं कुंडीला बांधायचं आणि नवी माती काडीनं ठासत मुळांच्या फटीत उतरवायची. पोकळी राहिली की तिथलं मूळ वाळतं.

त्या दिवशी मुळं विंचरलीच जाईनात. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः चाळून भरलेली माती कणकेसारखी काडीला चिकटत होती. मुळांची टोकं तपकिरी. पाणी जास्त होतंय, असं मी तिथंच ठरवून टाकलं. दरवर्षी कुंड्यांच्या कडांवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसतो, व्हिनेगर लावून टूथब्रशनं तो घासायला माझा तास जातो. त्या वेळी दहा मिनिटांत काम झालं. वेळ वाचला, एवढंच मनात आलं.

मार्चमध्ये कुंतीची नवी पालवीही कडेनं जळाली. मग मात्र मी पाणी मोजलं. मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ७८०. वहीत आदल्या वर्षीचा आकडा ७६०. ‘पाण्यात फरक नाही,’ असं मी त्याखाली लिहिलं. ते पान आजही माझ्याकडे आहे. मीटर खिशात टाकत होतो तेवढ्यात मावशी म्हणाल्या, “दादा, पाण्याला आता फेस लई येतोय बघा. निम्म्या साबणात धुणं निघतंय.” मी हं म्हणून छाटणीला लागलो.

एप्रिलमध्ये काकांनी विचारलं, “नेमकं काय होतंय?” मी म्हणालो, “पाणी जास्त पडतंय. माती वाळतच नाही.” मावशी खाली कपडे वाळत घालत होत्या. काका जिन्यातूनच काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही. पुढच्या खेपेला गेलो तर ठिबकच्या नळ्या आणि टायमर बसला होता, आणि मावशींनी ते घरच सोडलं होतं. टायमर बघून मला बरं वाटलं होतं, हे इथं लिहायला हवं.

खरं तर गच्चीवरच पुरावा होता. जास्त पाणी झालं असतं तर आधी बोगनवेल रुसली असती, तिला पायात ओल अजिबात चालत नाही. ती ठणठणीत होती. चिंचही. ही दोन्ही झाडं खारेपणा बराच सोसतात. कुंती लिंबाच्या कुळातली, या कुळाला तो सर्वात आधी बाधतो. एकाच झारीचं पाणी, आणि कोण मान टाकतंय, कोण नाही, एवढं बघितलं असतं तरी पुरे होतं.

जूनमध्ये पाऊस लागला, ठिबक बंद झालं, पालवी हिरवी आली. त्याचं श्रेयही मी टायमरला देऊन टाकलं. कुंड्यांत पाणी साचत होतं, तर एका बाजूला विटेचे तुकडे लावून त्या कलत्या केल्या. ऑक्टोबरच्या उन्हात ठिबक पुन्हा सुरू झालं आणि तीन आठवड्यांत कुंतीची डावी फांदी उघडी पडली.

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी बंगल्यात शिरलो तर जिन्याखालच्या कपाटाचं दार उघडं होतं आणि एक माणूस आत मिठाच्या पिशव्या रचत होता. २५ किलोची एक, अशा तीन. मी विचारलं, “एवढं मीठ कशाला?”

“सॉफ्टनरचं,” तो म्हणाला. “गेल्या दिवाळीला बसवलाय. गिझर, सोलर सगळं क्षारानं भरत होतं.”

मी तिथंच पायरीवर बसलो.

सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतो. मीठ लागतं ते यंत्रातला सोडियम पुन्हा भरायला. एकूण क्षार तेवढेच राहतात, म्हणून मीटर ७८० दाखवतो. कडेवर पांढरा थर बसत नाही, कारण तो कॅल्शियमचा. साबणाला फेस चढतो, कारण पाणी मऊ झालं. हे यंत्र बोअर आणि गच्चीवरच्या टाकीच्या मध्ये बसलं होतं. म्हणजे वर्षभर ४१ कुंड्यांत सोडियमचं पाणी चाललं होतं.

सोडियम मातीचं काय करतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमचं दोन एकर रान वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. उसाला पाणी देऊन देऊन ते चोपण झालं. वडील म्हणायचे, “चोपणात पाणी वर तळं करतंय अन् खाली मुरत न्हाय.” चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटला की ते सुटे होतात, फटी बुजवतात, माती ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की दगड. कुंडीत मी तेच हातानं चाचपलं होतं आणि त्याला जास्त पाणी म्हणालो होतो. चोपणाला पावसाचं गोडं पाणी नुसतं दिलं तर वरचा चिखल आणखी वाढतो. विटेचे तुकडे लावून मी ज्या कुंड्या कलत्या केल्या, त्यांत तेच झालं असणार. मी शाळेत असताना चोपण सुधारायला रानात जिप्समच्या, म्हणजे कॅल्शियमच्या क्षाराच्या, पाट्या ओतल्या आहेत. त्या हातांनी कुंडीत चोपण ओळखलं नाही.

घरी जाऊन दोन ग्लास घेतले. कुंतीच्या कुंडीतली चमचाभर माती दोन्हींत ढवळली, एकात पावसाचं साठवलेलं पाणी, दुसऱ्यात जिप्सम टाकलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला ग्लास गढूळच, दुसऱ्यात तळाशी गाळ आणि वर नितळ पाणी. शंका राहिली नाही.

प्लंबरनं सॉफ्टनरच्या आधीच बोअरची एक लाईन वेगळी काढून गच्चीवर नेली. त्याचं काम अर्ध्या दिवसाचं. दहा लिटरच्या बादलीला वीस ग्रॅम जिप्सम, नीट ढवळून, खालून पाणी वाहीपर्यंत. दोन दिवसांनी पुन्हा. मग साध्या बोअरच्या पाण्यानं कुंडीच्या पाच-सहा पट पाणी वाहून काढायचं. जिप्समचं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर जातो. नोव्हेंबरात कुंतीच्या मुळांना हात लावण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी फक्त वाळलेल्या काड्या काढल्या. गच्चीच्या नळाचं पाणी कुठून येतं हे मी आता दर सहा महिन्यांनी प्रत्येक घरी नळीबरोबर चालत जाऊन बघतो.

काकांना मी सगळं सांगितलं. चूक मावशींची नव्हती, माझी होती, हेही. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “जाऊ दे, आता टायमर आहेच की.” त्यांनी मावशींना परत बोलावलेलं नाही. वाईट माणूस नाहीत ते. पण कामवालीचं बोलणं खरं ठरलं हे मान्य करण्यापेक्षा यंत्र ठेवणं त्यांना सोपं गेलं.

मावशी कुपवाड रोडला राहतात. डिसेंबरात जाऊन मी त्यांना मीठ, सॉफ्टनर, सगळं सांगितलं. फेसाचं तुम्ही सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, असंही म्हणालो. त्यांनी चहा टाकला. त्यांना दुसरी दोन घरं मिळाली होती, एक लांब होतं.

चहा देताना त्यांनी एवढंच विचारलं, “काकूंचं फुलाचं झाड हाय का गेलं?”

डावी बाजू गेली, मी म्हणालो. उजवीकडं तीन डोळे फुगलेत.

“त्याला दुपारचं पाणी नका देऊ,” त्या म्हणाल्या. “सकाळी लवकर द्या.”

टायमर तेव्हा दुपारी एकला लावलेला होता. तो मी सहाला केला.