भांगातली मानस आणि भर उन्हातला चोणक

चैत्रातल्या मानशीचं (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारांचं) कोडं सुटलं! रामनवमीच्या आदल्या दिवशी, ऊन डोक्यावर चढलेलं असताना, शापोरा नदीवरच्या आपल्या नेहमीच्या मानशीखाली चोणक (एशियन सीबास मासा) गळाला लागला. तोंडापासून शेपटीपर्यंत ७२ सेंटीमीटर. पाण्यातच हुक काढला, माप घेतलं आणि सोडून दिला. त्या वेळी मानशीवर गरवताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही, आणि चोणक मात्र नेमका त्याच वेळी तिथे होता. तो का होता, हे समजल्याचा आनंद मासा मिळाल्यापेक्षाही मोठा आहे. म्हणून आज रॉड-रीलचं थोडक्यात आटोपतो आणि पाण्याबद्दल सविस्तर लिहितो.

आश्विनातली नोंद आठवत असेल. नवरात्रात, अष्टमी-नवमीच्या सुमाराला, रात्री नऊनंतर याच मानशीखाली चोणक आणि तांबसो (मँग्रोव्ह स्नॅपर) हे दोन्ही मासे जोरात होते. जिगहेड (डोक्याशी वजन असलेला हुक) पाण्यात पडून दोन वळसे फिरवले की टक्कर. म्हणून फाल्गुन शुद्ध अष्टमीला तोच बेत केला: तीच तिथी, तीच जागा, तोच तास, तीच लूअर (नकली आमिष). पाणी मेल्यासारखं. एक चावा नाही. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच.

उधाणातच का जात नाही, असं काहींनी मागे विचारलं होतं. या मानशीची पावणी (लिलावातला मासेमारीचा हक्क) ज्या काकांनी घेतली आहे, ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मानशीच्या तोंडाला जाळं लावतात. त्यांनी त्यासाठी पैसे मोजलेले आहेत आणि खाजनातली (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनीतली) सुंगटं म्हणजे कोळंबी आणि मासळी ही त्यांची कमाई आहे. त्या दिवसांत तिथे लूअर टाकणं मला योग्य वाटत नाही. अष्टमीच्या आगेमागे ते जाळं काढून ठेवतात आणि आपल्याला बाहेरच्या बाजूने गरवायला मोकळीक देतात. म्हणजे आपल्याला जे काही करायचं ते भांगातच, अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीतच, करायला हवं.

मानस कशी चालते ते नव्याने आलेल्यांसाठी. बांधात दगडी तोंड, त्यात लाकडी दारं. भरती चढली की नदीचं पाणी दारं दाबून बंद करतं. ओहोटीला नदीची पातळी आतल्या पोयच्या (खाजनातल्या साठलेल्या पाण्याच्या) पातळीखाली गेली की आतलं पाणी दारं ढकलून बाहेर धावतं. त्या धारेबरोबर सुंगटं आणि शेवट्यांची (बोय माशांची) पिल्लं बाहेर फेकली जातात. चोणक आणि तांबसो भिंतीच्या सावलीत, धारेच्या कडेला, तोंड उघडायची वाट बघत उभे असतात. धार नसेल तर तिथे थांबण्याचं त्यांना कारण नाही.

आता फाल्गुनात काय काय करून पाहिलं ते सांगतो, कारण यातलं बरंचसं तुमच्याही डोक्यात येईल. पहिला संशय खारटपणावर. आश्विनात नदीत पावसाचं गोडं पाणी अजून उरलेलं असतं, आणि चैत्रापर्यंत खारं पाणी पार आत सरकतं. पण चोणक दोन्ही पाण्यांत सुखाने राहणारा मासा; शिवाय त्याच आठवड्यात शिवोलीच्या पुलाच्या खांबांजवळ एका मित्राला दोन छोटे मिळाले होते, म्हणजे मासा नदीत होता. दुसरा संशय चंद्रावर. शुद्ध अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीला त्याच सुमारास उगवतो. म्हणून दोन्ही पक्षांत, अंधार आणि चांदणं दोन्हीत बसलो. फरक शून्य. मग लीडर (हुकाजवळचा जाड दोरा) ४० पाउंडांवरून ३० वर आणला, चार इंची पॅडलटेल (रबरी मासा) काढून छोटं रबरी सुंगट लावलं, शेवटी पागाने (फेकजाळ्याने) धरलेलं जिवंत सुंगट साध्या गरीला लावून सोडलं. जिवंत सुंगटालाही कुणी हात लावत नाही म्हटल्यावर लूअरचा प्रश्न मिटला. तिथे मासाच नव्हता.

तेव्हा एक बांबू रोवला. त्यावर दर दहा सेंटीमीटरला पांढऱ्या रंगाचा पट्टा, रोवला मानशीच्या बाहेरच्या बाजूला, चिखलात. आतल्या बाजूला दगडावर एक खूण केली. या हंगामातली माझी सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे हा बांबू. सोनारवाला फिश-फाइंडर यापुढे फिका आहे. रात्रीच्या ओहोटीत पट्टे मोजले. पाणी संध्याकाळी उतरायला लागलं, जेमतेम अर्धा मीटर उतरलं आणि थांबलं. बाहेरची पातळी आतल्या खुणेच्या वरच. दारं रात्रभर बंद, फटींतून तेवढी झिरप.

काकांना विचारलं तेव्हा ते जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "ह्या दिसांनी रातची मानस सारकी उगडना रे. दिसाची पळय." म्हणजे या दिवसांत रात्री मानस नीट उघडत नाही, दिवसाची बघ. इतकंच. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं ज्ञान एका वाक्यात दिलं. पण आश्विनात रात्री उघडत होती ती चैत्रात का नाही, यावर ते म्हणाले की असंच असतं. मला ते ‘असंच’ उलगडून हवं होतं.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या कोष्टकातला मुरगाव बंदराचा तक्ता काढून बसलो. आतापर्यंत आपण सगळेच त्यातली वेळ बघत आलो. उंचीचा रकाना बघितला की उत्तर समोर येतं. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण त्या सारख्या नसतात. चैत्रातल्या अष्टमीच्या आसपास रात्रीची ओहोटी मीटरभराच्या वरच अडकलेली दिसते, आणि सकाळी उशिराची अर्ध्या मीटरच्या आसपास जाते. उधाणातल्या ओहोटीच्या बऱ्याच जवळ! भांगात पाणी हलत नाही, हे आपण सगळे म्हणतो ते रात्रीपुरतं खरं. सकाळी ते चांगलंच हलतं.

कारण चंद्राच्या जागेत आहे. चंद्र विषुववृत्तावर असला की दिवसातल्या दोन्ही ओहोट्या जवळजवळ सारख्या. तो उत्तरेला किंवा दक्षिणेला लांब गेला की एक खोल, एक उथळ. २१ मार्चच्या सुमाराला सूर्य विषुववृत्तावर असतो, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेचा चंद्रही विषुववृत्ताच्या जवळपास आणि अष्टमीचा चंद्र मात्र उत्तर-दक्षिणेच्या टोकाला. म्हणून होळीच्या आणि पाडव्याच्या उधाणात दोन्ही ओहोट्या जोडीच्या, आणि रामनवमीच्या भांगात एक खोल, एक नावापुरती. सप्टेंबरातही हेच गणित, पण बाजू उलटी: तेव्हा रात्रीची ओहोटी खोल जाते. नवरात्रातले ते मासे आपल्याला त्या ओहोटीने दिले होते! आश्विन आणि चैत्र, तिथी एकच, घड्याळ एकच आणि पाणी नेमकं उलटं. हे कागदावर जुळलं तेव्हा मध्यरात्र झाली होती आणि झोप कुठली.

मग चैत्र शुद्ध अष्टमी. कोष्टकात मुरगावची ओहोटी अकराच्या आसपास. आपल्या मानशीपर्यंत ती पोचायला बांबूच्या हिशेबाने पाऊण ते एक तास जास्त लागतो. आठ वाजता जाऊन बसलो. पाणी पट्ट्या-पट्ट्याने उतरत होतं. नवाच्या पुढे बाहेरची पातळी आतल्या खुणेशी आली, दारं कुरकुरली, आणि बघता बघता मधून धार फुटली. गढूळ नाही, हिरवट स्वच्छ. धारेच्या कडेला शेवट्यांची पिल्लं उडायला लागली. पहिला तांबसो लगेच आला, वीतभर, तरीही दगडाकडे पळायची खुमखुमी पूर्ण. नंतर एक पालू, तो घरी आला.

चोणक साडेदहानंतर. सावली भिंतीच्या पायथ्याशी आखडत आली होती. जिगहेड धारेच्या वर टाकून, रील न फिरवता, पाण्यालाच ते सावलीच्या कडेने वाहून न्यायला दिलं. ‘टप्प’ असा तो ओळखीचा आवाज, लाइन बाजूला सरकली, आणि मासा थेट हवेत. कल्ले उघडून डोकं झाडणं चोणकाएवढं कुणाला जमत नाही. दोनदा खांबाकडे वळला, दोन्ही वेळा रॉड पाण्याला समांतर ठेवून त्याला मोकळ्या पाण्यात काढता आलं. लीडर नंतर बोटांनी तपासला तर शेवटची वीतभर खरखरीत. ४० पाउंडाचा फ्लोरोकार्बन परत लावला होता ते बरं. कल्ल्याची धार आणि खरवडणारे ओठ यांपुढे ३० चा टिकला नसता.

सोडण्याबद्दल एकदा स्पष्ट लिहितो. चोणक आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठे मासे म्हणजे बहुतेक अंडी देणाऱ्या माद्या, आणि त्या पावसाळ्याच्या तोंडाला खाऱ्या पाण्यात अंडी घालायला खाली उतरतात. चैत्रात मोठा मासा ठेवला तर पुढच्या पिढीतलंच काढून खाल्लं. खायला लहान-मध्यम मासा पुरतो.

साहित्याचं थोडक्यात. साडेसात फुटी मीडियम-हेवी रॉड, ४००० चं शिमानो रील, पीई २ ब्रेड (विणलेला दोरा), ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी नॉट ही गाठ. तिहेरी हुक मानशीवर नकोत: दगडांत अडकतात आणि सोडायच्या माशाचं तोंड फाडतात. जाड तारेचा एकेरी हुक लावा. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेल्या स्वस्त जिगहेडचे हुक रीलचा ड्रॅग (दोरा सुटू देणारा ब्रेक) थोडा घट्ट केला की सरळ होतात. पाकिटावर लिहिलेल्या पाउंडांवर जाऊ नका, पक्कडीने वाकवून बघा. म्हापशातल्या आपल्या दुकानदाराकडे थोडे महाग मिळतात पण तो स्वतः गरवणारा आहे आणि खराब माल तोंडावर सांगतो. तिथूनच घ्या.

वाऱ्याकडे लक्ष असू द्या. सकाळी जमिनीवरून येणारी हलकी झुळूक असते तोवर लाइन नीट बसते. बारानंतर समुद्राचा वारा उठला की ब्रेडला पोट येतं आणि हलका जिग कुठे आहे तेच कळत नाही. सुदैवाने धारही तोवर मंदावते.

पुढचा बेत बेतुलला साळ नदीच्या मुखाशी पालूसाठी जायचा होता. तो रद्द करतोय, आणि हे लिहिताना आणखी एक गोष्ट लक्षात येतेय. जूनकडे सरकताना हे गणित फिरतं: तेव्हा अष्टमीचा चंद्र विषुववृत्ताजवळ येतो, दोन्ही ओहोट्या सारख्या आणि दोन्ही उथळ. म्हणजे मानशीची ही सकाळ हळूहळू बंद होत जाणार. उरलेले भांग हातचे घालवायचे नाहीत. आणि दुसरीकडे, मेमधल्या उधाणात पहाटेची ओहोटी खोल जायला लागेल. मानशीवर तेव्हा काकांचं जाळं असेल, पण हणजुणे-वागातोरचे खडक त्या पहाटे एरवीपेक्षा जास्त उघडे पडतील. खडकांच्या बाहेरच्या कडेला गोब्रो (ग्रूपर) आणि तांबसो, उजाडता उजाडता, वारा उठायच्या आधी. हा बेत पाच मिनिटांपूर्वीचा आहे, पण बेतुलपेक्षा मला तोच पटतोय. खडकावर जाणाऱ्यांनी एकटं जाऊ नये आणि पाणी वळलं की ताबडतोब माघारी फिरावं.

तेरेखोल, मांडवी आणि साळच्या काठी ज्यांच्या ओळखीची मानस आहे, त्यांनी येत्या वद्य अष्टमीला सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा पातळी मोजा. आधी मानस घेतलेल्याची परवानगी घ्या, बांधावर तुडवातुडव नको. पट्ट्यांचा बांबू बनवायला अर्धा तास लागतो. मुरगावच्या वेळेच्या किती उशिरा तुमच्याकडे दारं उघडली, आणि उघडली तेव्हा कोष्टकातली उंची किती होती, हे दोनच आकडे हवे आहेत. आपल्याकडे दारं उघडायला मुरगावचं पाणी साधारण ०.९ मीटरच्या खाली यावं लागतं असं दिसतंय. चोडणच्या खाजनात हा आकडा वेगळा निघेल असा माझा अंदाज आहे, कारण तिथे पोय जास्त खोल आहे.