चरकाखालचा बुळबुळीत थर आणि गुलाबी जंतू

आमचं गुऱ्हाळ करवीर तालुक्यात, कोल्हापुरातनं गाडीवर अर्ध्या तासाच्या आत. दिवाळीनंतर चरक सुरू झाला की आप्पांची (म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची) एकच कटकट, रसाची टाकी रोज घासा. एक दिवस जरी राहिली ना, तर कडेला बुळबुळीत थर धरतो आणि मग गूळ नीट बसत नाही. लहानपणी मी तो थर नारळाच्या शेंडीनं घासलाय, पुढं मायक्रोबायोलॉजी घेतल्यावर कळलं की हे ल्युकोनोस्टॉक नावाच्या जंतूचं काम, त्याच्याकडं डेक्स्ट्रानसुक्रेज नावाच्या एन्झाइमचा जीन आहे, तो उसाची साखर फोडतो आणि त्यातल्या ग्लुकोजची लांब चिकट साखळी विणतो. म्हणजे त्या थराचा चिकटपणा एका जीनपर्यंत नेता येतो.

त्यामुळं डीनोकॉकस रेडिओड्युरन्स नावाच्या गुलाबी जंतूबद्दल वाचायला लागले तेव्हा मी त्याच्या चिकटण्यामागं पण तसाच एक जीन शोधत होते, आणि तो काय सापडला नाही.

हा जंतू १९५६ साली अमेरिकेत ओरेगनमध्ये सापडला. मांसाचे डबे किरणोत्सर्गानं निर्जंतुक करून बघत होते आणि तरी डबा नासला, आत हा गुलाबी गडी जिवंत. माणूस साधारण ५ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप) डोसात मरतो, हा ५००० ग्रे सहज सोसतो. डीएनएचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत परत जोडून मोकळा. पण पृथ्वीवर एवढं रेडिएशन आहेच कुठं? १९९६ मध्ये दाखवलं गेलं की ज्या म्युटंटना (म्हणजे जीन बिघडलेल्या जंतूंना) रेडिएशन सोसत नाही त्यांना वाळणंही सोसत नाही, म्हणजे ही ताकद मुळात कोरडं पडणं सोसण्यासाठी कमावलेली असावी. मला हे फार आवडतं.

आता बायोफिल्म, म्हणजे जंतूंनी पृष्ठभागावर धरलेला असा चिकट थर. १९९९ ला रेडिओड्युरन्सचा अख्खा जीनोम (म्हणजे सगळा डीएनए) वाचून झाला, दोन क्रोमोसोम, एक मेगाप्लाझ्मिड, एक छोटं प्लाझ्मिड (प्लाझ्मिड म्हणजे क्रोमोसोमबाहेरचा डीएनए). तरी हा चिकटतो कसा याच्याकडं बराच काळ फारसं कुणी बघितलं नाही, सगळ्यांचा डोळा डीएनए दुरुस्तीवर. त्याचा भाऊबंद डीनोकॉकस जिओथर्मॅलिस मात्र कागद कारखान्यांच्या मशिनवर थर धरतो म्हणून बदनाम होता, आणि २००६ मध्ये त्याचे चिकटणारे धागे टाइप फोर पिलाय (जंतूच्या अंगावरचे केसासारखे प्रोटीनचे धागे) आहेत असं निघालं. रेडिओड्युरन्सच्या बायोफिल्मवर आपल्याकडं तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या अणुकेंद्रात काम झालं, २०१९ च्या पेपरात कॅल्शियम दिलं की थर जोमानं वाढतो आणि तो थर पाण्यातलं युरेनियम धरून ठेवतो असं आलं. नंतर त्याच्या बाहेरच्या आवरणातलं एसएलपीए हे प्रोटीनही यात गुंतलेलं आहे असं पुढं आलं.

म्हणजे एक जीन नव्हे, आवरण, धागे, बाहेर टाकलेला चिकट माल, भोवतालचं कॅल्शियम, सगळं मिळून.

आणि एक गोष्ट मला राहून राहून वाटते. लॅबमधे पिढ्यानपिढ्या फ्लास्क हलवत जंतू वाढवले की चिकटण्याची गरजच उरत नाही. बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जंतूच्या १६८ या स्ट्रेनचं (म्हणजे वाणाचं) तसंच झालं, एसएफपी, ईपीएससी अशा जीन्समधे म्युटेशन साठत गेली, एक प्लाझ्मिडही गेलं आणि थर धरायची चांगली ताकदच गेली. म्हणून एखादा जंतू "बायोफिल्म करत नाही" असं वाचलं की मी आधी विचारते, कुठला स्ट्रेन, किती वर्षं फ्लास्कमधला?

बीएआरसीनं (मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं) २००६ मध्ये डीनोकॉकस रेडिओड्युरन्समध्ये साल्मोनेला या जंतूचा फोएन जीन घातला, त्याचं एन्झाइम फॉस्फेट सोडतं आणि युरेनियम खाली बसतं. हा जीन आणि चांगला धरलेला थर एकत्र आले तर किरणोत्सारी सांडपाणी साफ करायला केवढं बळ मिळेल.

परवा हे सगळं आप्पांना चुलवाणापाशी बसून सांगितलं. काहिलीवरची मळी काढत ऐकत होते, मग म्हणाले, "कॅल्शियम म्हंजे आपला चुनाच की गं. मग आपल्या टाकीत बी हाय का त्यो गुलाबी?" म्हटलं आप्पा, असेलही, डीनोकॉकस माती-धुळीतनं मिळतात, पण नुसता गुलाबी रंग दिसला म्हणून तोच असं नाही, टीजीवाय प्लेटवर (जंतू वाढवायच्या खाद्याच्या ताटलीवर) घासून बघायचं आणि मग सोळा-एस (जंतूची ओळख पटवणारी जीनची तपासणी) करायचं. पुढच्या रविवारी टाकी घासायच्या आधी मला हाक मारा एवढंच सांगून आले.